‘सवलत’ आणि ‘सोय’ : मज्जाभिन्न कर्मचारी व कार्यालयीन मराठी

१९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला, तेव्हा ही संख्या २१ झाली. नव्याने आलेल्या प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दोन आहेत. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले, व त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता यांच्या वाट्याला आला. कायद्याने दार उघडले हे निर्विवाद. तथापि आत येऊ पाहणाऱ्यास दारात प्रथम भेटते ती भाषा : जाहिरातीची, मुलाखतीची, वरिष्ठाच्या तोंडी आज्ञेची आणि वर्षअखेरीच्या शेऱ्याची. या भाषेची चिकित्सा झाल्यावाचून कायद्याच्या यशापयशाविषयी दिलेला कोणताही निर्णय अपुराच राहील.

प्रथम संज्ञेचा प्रश्न. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्यूडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधामुळे अभ्यासकांत प्रसृत झाला. त्यामागील कल्पना मात्र स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील चर्चांत त्याआधीपासून आकार घेत होती. शब्दाची घडण ‘जैवविविधता’ या संज्ञेच्या धर्तीवर झालेली असल्याने मराठीत ‘मज्जाविविधता’ हा पर्याय सहज सुचतो. ‘मज्जा’ म्हणताच मराठी कानाला मजेची आठवण होते, ही अडचण खरी. परंतु मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्द पाठ्यपुस्तकांनी पुरते रुळवले आहेत. याहून गंभीर अडचण व्याकरणाची आहे. विविधता हा समूहाचा धर्म होय. रान विविध असते, एक झाड विविध नसते. म्हणून ‘मज्जाविविध कर्मचारी’ हा प्रयोग अर्थशून्य ठरतो. एका व्यक्तीविषयी बोलताना ‘मज्जाभिन्न’ म्हणावे लागते. यात तोटा एवढाच की ‘भिन्न’ म्हटले की कोणापासून भिन्न, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो राहिलेलाच बरा. या संज्ञेच्या कक्षेत स्वमग्नता व वाचन-लेखन-गणनाच्या अक्षमता येतात, तशीच अवधानाची कमतरता व अतिचंचलता ही अवस्थाही येते. मात्र अधिनियमाच्या २१ प्रकारांत या शेवटच्या अवस्थेचा समावेश नाही. संज्ञा आणि कायदा यांच्या सीमा एक नाहीत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

‘स्वमग्नता’ या शब्दाविषयी अधिक कठोर व्हावे लागते. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी ग्रीक ‘ऑटोस्’, म्हणजे ‘स्वतः’, या शब्दावरून एका वेगळ्याच आजाराचे लक्षण सांगण्यासाठी बनवला. १९४३ साली कॅनर यांनी तो मुलांच्या संदर्भात वापरला. मराठी पर्याय हे त्याचे तंतोतंत भाषांतर आहे आणि म्हणूनच मूळ शब्दातील चूकही त्यात तंतोतंत उतरली आहे. शिवाय मराठीने त्यात स्वतःची भर घातली. ध्यानमग्न, चिंतनमग्न, विचारमग्न या मालिकेतील ‘मग्न’ माणसाची मर्जी गृहीत धरतो. मग्न झालेला मनुष्य हाक मारली तर भानावर यावा, अशी अपेक्षा असते. यंत्राची घरघर, पंख्याचा आवाज आणि शेजारच्या मेजावरील बोलणे ज्याला वेगवेगळे करता येत नाही, तो स्वतःत बुडालेला नसतो. बाहेरचे जगच त्याच्यावर अधिक आदळत असते. शब्द रूढ झाला आहे, तो आता काढून टाकता येणार नाही. पण त्याने मुलाखत घेणाऱ्याच्या मनात निकाल आधीच लिहून ठेवला आहे, एवढे नमूद केले पाहिजे.

हिंगणा येथील औद्योगिक वसाहत हे या चिकित्सेला उपयुक्त असे क्षेत्र आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या विदर्भातील जुन्या वसाहतींत हिंगण्याची गणना होते. महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर-कारखान्यापासून पाचदहा माणसांच्या यंत्रशाळांपर्यंत सर्व आकारांचे उद्योग येथे एकमेकांना लागून आहेत. जवळच वानाडोंगरीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि जानेवारी २०२० पासून मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत येते. शिकलेला उमेदवार आणि कारखान्याचे फाटक यांमधील अंतर आता रस्त्याचे उरलेले नाही.

अशा कारखान्यांच्या एकाच आवारात निवडीच्या दोन रीती नांदत असतात. वेल्डर हवा असेल तर त्याच्यापुढे दोन पट्ट्या टाकून जोड घालावयास सांगतात, आणि तो जोड वाकवून, तोडून पाहतात. टर्नरच्या हाती ड्रॉइंग देतात, लेथवर जॉब काढावयास लावतात व मायक्रोमीटरने माप घेतात. उमेदवाराने नजरेला नजर दिली की नाही, हात हलवले की नाही, प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो किती वेळ गप्प राहिला, याची कोणी नोंद करीत नाही. भिंतीपलीकडच्या कार्यालयात मात्र हिशेबनीस, भांडारातील नोंदी करणारा किंवा गुणवत्ता-तपासनीस नेमायचा असला की मुलाखत होते. ‘मुलाखत’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ भेट. ‘उमेदवार’ फारसी, म्हणजे आशा बाळगून असलेला. भेटीत पारख होते ती भेटण्याच्या कौशल्याची, आणि आशा टिकते ती त्या कौशल्यावर. जाहिरातीतील ‘उत्तम संभाषणकौशल्य आवश्यक’ हे वाक्य तर आता श्रीगणेशाप्रमाणे प्रत्येक जाहिरातीच्या माथ्यावर असते. खतावणी लिहिण्यास किती संभाषण लागते, याचा विचार करून ते वाक्य घातलेले असते असे वाटत नाही.

याचा अर्थ मुलाखत टाकाऊ आहे असा नव्हे. पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांनी निवडपद्धतींवरील पूर्वीच्या संशोधनाची २०२२ मध्ये फेरतपासणी केली, तीत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांनी गुण देणारी आखीव मुलाखत सर्वांत वरच्या स्थानी आली. मनास येईल ते विचारणारी मोकळी मुलाखत तिच्या बरीच खाली राहिली. तेव्हा दोष भेटीचा नाही, मोघमपणाचा आहे. आणि मोघमपणा हा भाषेचा विषय आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. व्यंजनेचे मम्मटाने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. सूर्य मावळला, एवढेच विधान. पण गुराख्याला त्यातून गुरे वळवण्याची सूचना मिळते, अभिसारिकेला निघण्याची, दुकानदाराला माल आवरण्याची. कार्यालयातील ‘पाच वाजले’ या वाक्याची स्थिती नेमकी हीच आहे. एकाला ते ‘आता निघा’ असे सांगते, दुसऱ्याला ‘अजून झाले नाही का’ असे दरडावते, तिसऱ्याला चहाची आठवण देते. जो हा ध्वनी अचूक पकडतो त्याला काव्यशास्त्र ‘सहृदय’ म्हणते. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा ठरवले ते काव्यापुरते. आवक-जावक नोंदवहीसाठी त्याने तशी शिफारस केली नव्हती. प्रत्यक्षात मात्र रसिकाची पात्रता हिशेबनिसाच्या जागेला लावण्यात येते, आणि ज्याला फक्त अभिधा कळते किंवा अभिधेवरच विसंबावेसे वाटते, तो नापास होतो.

‘बघून घे’ हा प्रयोग पाहावा. ‘तेवढी फाइल बघून घे’ यात नुसते नजर टाकणे आले, काम तडीस नेणेही आले. आणि प्रथमपुरुषी भविष्यकाळात गेल्याबरोबर तीच क्रिया धमकी होते. ‘होऊन जाईल’ या नागपुरात सदैव ऐकू येणाऱ्या आश्वासनात काम आहे, काळ आहे, कर्त्याचा मात्र पत्ता नाही. ‘जरा’, ‘लवकर’, ‘नंतर’, ‘सवडीने’ ही क्रियाविशेषणे बोलणाऱ्याच्या मनातील घड्याळाप्रमाणे चालतात. यात हिंगण्याची स्वतःची एक गुंतागुंत आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होते, आणि कारखान्यांतील कामगार अनेक प्रांतांतून येतात. ड्रॉइंगवरील मजकूर इंग्रजीत, ठेकेदाराची सूचना हिंदीत आणि फोरमनची नागपुरी बोलीत, असा एकाच कामाचा प्रवास होतो. प्रत्येक वळणावर थोडे काही सांडते. सरावलेला माणूस सांडलेले अंदाजाने भरून काढतो. ज्याला अंदाज बांधणे जड जाते त्याच्यावर ‘सांगितलेले समजत नाही’ असा ठपका येतो, वस्तुतः सांगितलेलेच नसते. गंमत अशी की त्याच आवारातील ड्रॉइंगमध्ये ‘जरा’ या शब्दाला थारा नाही. दांड्याचा व्यास किती, आणि तो किती कमी-जास्त चालेल, हे मिलिमीटरच्या शतांशात लिहिलेले असते. धातूशी बोलताना जो काटेकोरपणा पाळला जातो तो माणसाशी बोलताना अनावश्यक मानला जातो.

समजण्यातील हा दोष एकाच बाजूचा आहे, ही समजूत आता टिकत नाही. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ साली ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ मांडला : स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसे इतरांनाही त्याचे कळत नाही, मात्र अक्षमतेचा शिक्का एकावरच बसतो. कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकारी यांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकलेली गोष्ट कानोकानी पुढे सांगावयाची, अशा साखळ्या त्यांनी केल्या. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी केवळ इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती अधिक झिजली. पुढे तीनशेहून अधिक व्यक्तींवर केलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिश्र साखळीची ही झीज आढळली नाही. तेव्हा मिश्र गटात संदेश बिघडतोच, असे विधान आज करता येणार नाही. परंतु स्वमग्न माणसाकडून संदेश नीट पोहोचत नाही, हा समज दोन्ही प्रयोगांत खोटा ठरला, हे अधिक महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : या प्रयोगांत गोष्ट सांगितलेली होती, सुचवलेली नव्हती.

आज्ञा कशी असावी याचा विचार भारतीय परंपरेत काव्यशास्त्रापेक्षा मीमांसेने अधिक नेटाने केला आहे. विधिवाक्य ऐकल्यावर तीन आकांक्षा उत्पन्न होतात असे मीमांसक म्हणतात : काय साधायचे, कशाने साधायचे, आणि कोणत्या रीतीने. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. या तिन्ही पुऱ्या झाल्याखेरीज आज्ञा पुरी होत नाही. ‘तेवढी फाइल बघून घे’ यात तीनपैकी एकही नाही. ‘मार्च महिन्याची देयके पुरवठादारांच्या नावांप्रमाणे लाव, मागणीपत्राशी ताडून पाहा, न जुळणारी वेगळ्या पाकिटात ठेव आणि बुधवारी दुपारी ३ वाजेपर्यंत आणून दे’ यात तिन्ही आहेत. आजच्या मराठीत ‘इतिकर्तव्यता’ हा शब्द ‘सारे काही एवढ्यातच आले’ अशा थाटात वापरला जातो. ‘कसे करावे’ हा त्याचा मूळ अर्थ लोपला. कार्यालयांतूनही तो अर्थ असाच लोपला आहे. स्पष्ट आज्ञेने बोलणे रूक्ष होईल, माणसामाणसांतला ओलावा जाईल, असा आक्षेप घेतला जातो. चहाच्या वेळी व्यंजनेला कोणी बंदी केलेली नाही. उलट आज्ञा स्पष्ट झाल्याने नवखा, परप्रांतीय आणि ऐकू कमी येणारा, या सर्वांचेच काम सुकर होते.

परदेशी प्रयोगांचा येथे मोठा बोलबाला आहे. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन यांनी २००४ साली ‘स्पेशालिस्टर्न’ ही संस्था काढली. तिच्या साहाय्याने सॅप या जर्मन संगणक-कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न उमेदवारांच्या भरतीचा उपक्रम हाती घेतला, आणि त्याच्या आरंभीच्या केंद्रांत बंगळूर होते. मुलाखतीऐवजी उमेदवाराला लेगोचे यंत्रमानव जोडावयास देऊन त्याचे काम पाहणे, ही या संस्थेची रीत. वेल्डरच्या परीक्षेचेच हे नवे रूप होय, आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र या उपक्रमांबरोबर जी कथा आली ती तितकी निर्दोष नाही. स्वमग्न म्हणजे बारकाव्यांचा बादशहा, चुका शोधणारा अलौकिक डोळा, अशी ती कथा. ज्याच्या ठायी असे काही अलौकिक नाही, ज्याला गोदामात खोकी मोजायची आहेत आणि महिन्याचा पगार घरी न्यायचा आहे, त्याला या कथेत स्थान नाही. सामान्य असण्याचा हक्क इतर कर्मचारी विनासायास भोगतात.

आता ‘सवलत’ या शब्दाकडे यावे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी तरतुदी मान्य केल्या. भारतात या बाबतीत महाराष्ट्र अग्रेसर होता, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. या तरतुदींना ‘सवलती’ म्हणण्याचा प्रघात तेव्हापासून पडला. त्यांचा प्रथम लाभ घेणारी दहावीची मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. ती नोकरीत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर गेला तो हाच शब्द. त्याचा व्यवहार पाहण्याजोगा आहे. सवलत मागतात, देतात, काढून घेतात, आणि तिचा गैरफायदा घेतात. देणारा वर असतो, घेणारा खाली. अरबी मुळाप्रमाणे शब्दाचा अर्थ केवळ सुकरता; मराठीत तो रेल्वेच्या तिकिटाबरोबर हिंडून मेहेरबानीच्या पंगतीला जाऊन बसला. ‘सोय’ या शब्दाला ही उतरंड नाही. सोय करतात, सोय होते, आणि तिच्या अभावी होते ती गैरसोय. यंत्रशाळेत कानात घालावयाची बोंडे सर्वांना वाटतात, ती सुरक्षेची साधने. कार्यालयात एखाद्याने तीच मागितली की ती सवलत होते.

अधिनियमातील कल्पना ‘सोय’ या शब्दाशी जुळते, ‘सवलत’ या शब्दाशी नव्हे. अवाजवी भार न पडेल असा आवश्यक तो बदल करून इतरांच्या बरोबरीने हक्क भोगता येतील असे करणे, ही तेथील व्याख्या. आणि असा बदल नाकारणे याची गणना भेदभावात होते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगा आहे. हाताला पेटके येत असल्याने लिहिणे अशक्य झालेल्या उमेदवाराने लेखनिक मागितला होता. त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या ठरावीक मर्यादेत बसत नाही या सबबीवर तो नाकारण्यात आला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निर्णयाने ही सबब फेटाळली. वाजवी सोय हा समतेचाच भाग आहे, टक्केवारीवर मिळणारे बक्षीस नव्हे, असा त्याचा आशय.

‘सर्वसमावेशक’ या विशेषणाचीही गत फारशी निराळी नाही. शासकीय मराठीत ‘सेवेत सामावून घेणे’ याला ठरलेला अर्थ आहे : तात्पुरत्या माणसाला कायम करणे. सामावून घेणारे भांडे तेच राहते. सामावणाऱ्याने त्याचा आकार घ्यायचा. या क्रियापदात भांड्याने आकार बदलण्याची शक्यताच नाही.

शाळेतून आलेल्या शब्दाबरोबर शाळकरी वयही येते. ‘विशेष मूल’ हा शब्दप्रयोग तिशी-चाळिशीच्या माणसाचीही पाठ सोडीत नाही, आणि मुलाला कोणी पगार देत नाही. मराठी नाट्य-चित्रपटांनी या दृष्टीला खतपाणीच घातले. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ या नाटकाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु त्याचा केंद्रबिंदू मतिमंद मुलाच्या आईवडिलांची फरपट हा आहे. संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटातील नंदू वयाने वाढलेला. बालपणीच्या अपघाताने त्याची बुद्धी थांबलेली. ‘देवराई’ (२००४) या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाचा विषय छिन्नमनस्कता. सहानुभूतीची खोली अपूर्व, पण तीही कुटुंबाच्या परिघातली. आई, बहीण, बालमैत्रीण ही नाती येथे आहेत. सहकारी हे नाते नाही. विदर्भातच लिहिल्या गेलेल्या आद्य मराठी गद्यात चित्र वेगळे दिसते. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळांत लोक त्यांना वेडे म्हणतात, आणि तरी ते गावभर हिंडतात, कोणाच्याही घरात शिरतात, गाव त्यांच्याभोवती आपले व्यवहार जुळवून घेते. त्यांना आजचे कोणतेही निदान चिकटवणे सर्वथा अशास्त्रीय होईल. एवढेच दिसते की देवत्व मानले असता मराठी समाजाने वेगळे वर्तन सहज सोसले. मस्टरवर नाव लावून सोसण्याचा प्रसंग आला तेव्हा तो अडखळला. वास्तव मात्र साहित्याच्या पुढे गेले आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची ‘कामायनी’ १९६४ ची; दोन्हींनी शिक्षणाला कामाची जोड दिली. जुहू येथील ‘अर्पण’ हे २०१८ मध्ये सुरू झालेले उपाहारगृह तर विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांच्याच हातांनी चालावे म्हणून काढले गेले. या संस्था मोलाच्या आहेत; पण वेगळी जागा करून दिलेले काम आणि हिंगण्याच्या चालू कारखान्यातील इतरांशेजारचे काम, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या दुसऱ्या कामातील खरी जोखीम नेमणुकीनंतर सुरू होते. सोय हवी तर स्वतःची अवस्था उघड करावी लागते. उघड केली की पुढील प्रत्येक चूक तिच्या खाती मांडली जाते. लपवली तर तीच चूक स्वभावाच्या खाती जाते. रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत संघ या डिसेंबर २०२१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक अक्षमतेशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव होऊ शकतो, असे म्हटले. खटला केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्याचा होता. कारखान्यात गोष्ट न्यायालयापर्यंत जात नाही. ती शेऱ्यापाशीच संपते. शासनाने ‘गोपनीय अहवाल’ हे नाव बदलून ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ केले, पण मनमिळाऊ, एककल्ली, हेकट ही विशेषणे नाव बदलल्याने बदलली नाहीत, आणि खाजगी कार्यालयांनीही तीच उचलली आहेत. ‘सांगितले तेवढेच करतो’ हा शेरा अशा अहवालात दोष म्हणून पडतो. लेथवरच्या माणसाविषयी फोरमन हेच वाक्य शिफारस म्हणून उच्चारतो.

अधिनियमाने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण तयार करावयास सांगितले आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने त्यात सोयींचा तपशील, निवडीची रीत आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक नमूद करावयाची आहे. म्हणजे हिंगण्यातील बेताच्या आकाराची यंत्रशाळाही या नियमात येते. धोरणाची एक प्रत आयुक्तांकडे नोंदवावी लागते. ते संकेतस्थळावर नसेल तर आवारात ठळक जागी लावावे लागते. आयुक्तांकडची प्रत कोणत्याही भाषेत असली तरी चालण्यासारखे आहे. फाटकाजवळच्या भिंतीवरची प्रत मात्र फोरमनला, ठेकेदाराला आणि नव्याने आलेल्या माणसाला वाचता आली पाहिजे, आणि तीत ‘सर्वसमावेशक’ या शब्दाच्या जागी काय करायचे, कोणी करायचे आणि कसे करायचे, हे लिहिलेले असले पाहिजे.